भाड्याचा गाळा आणि कागदाचे भय

जमीन गेली आणि रोख पैसा हाती आला, असे प्रसंग आमच्या शेतकरी बंधूंवर अलीकडे वारंवार येऊ लागले आहेत. भूसंपादनाचा २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आला, आणि जमिनीची जी किंमत ठरेल तितकीच आणखी रक्कम दिलासा म्हणून देण्याची तरतूद त्यात झाली. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग शेवटच्या टप्प्यासह ५ जून २०२५ रोजी पुरा खुला झाला. तो ज्या दहा जिल्ह्यांतून गेला आहे, तेथील कित्येक घराण्यांनी आयुष्यात प्रथमच एवढी एकरकमी रक्कम पाहिली.

या पैशाने कोणी दुसरीकडे जमीन घेतो, कोणी लग्नकार्य उरकतो, कोणी मोटार आणतो; आणि पुष्कळ जण तालुक्याच्या गावी किंवा हमरस्त्यालगत दोनचार गाळे अथवा खोल्यांची चाळ बांधून ती भाड्याने देतात. हा शेवटचा मार्ग आमच्या मते त्याज्य नाही. पाऊस पडो वा न पडो, कांद्याला भाव मिळो वा न मिळो, दरमहा ठराविक रक्कम घरात येणे हा शेतकऱ्यास मोठाच आधार होय. परंतु गेलेली जमीन परत येणार नसते. तिच्या मोबदल्यातून उभा केलेला गाळाही वादात अडकला, तर त्या घराण्यास तिसरा आधार राहत नाही. याकरिता या व्यवहाराचा विचार थोडा विस्ताराने करणे अवश्य वाटते.

महसूल खात्यात कारकुनी करीत असता आम्हांस जे दिसले, ते असे की, आमचे बंधू भाड्याच्या व्यवहारात फसतात ते बहुधा एका जुन्या समजुतीमुळे. जो तो म्हणतो, "अहो, कागद केला की तो कूळ होऊन बसतो. त्यापेक्षा तोंडी दिलेले बरे." आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे, आणि तेवढे एक वाचकांच्या मनात ठसले तरी या लेखाचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.

ही समजूत मुळात आली कोठून, हे आधी पाहिले पाहिजे. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, मराठवाड्यास लागू असलेला हैदराबादचा १९५० चा कायदा आणि विदर्भातील १९५८ चा कायदा, या तिहींनी जमीन कसणाऱ्यास हक्क दिले. मुंबईच्या कायद्यात १ एप्रिल १९५७ ही तारीख कृषक दिन म्हणून ठरली आणि त्या दिवशी पुष्कळ कुळे मालक मानली गेली. त्यात कोणाचे किती न्याय्य झाले, हा येथे विषय नाही. इतके खरे की, तेव्हापासून आजोबांनी नातवास हीच शिकवण दिली: आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना कोठेही सही करू नये.

वास्तविक कूळ कागदाने झालेच नव्हते. १९४८ च्या कायद्याचे चौथे कलम पाहावे. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा इसम मालकाच्या कुटुंबातील नसेल, मजुरीवर ठेवलेला गडी नसेल आणि ताबेगहाण घेतलेला नसेल, तर तो कूळ मानला जाई. लेखी पट्टा असो वा नसो, कसवणूक हेच त्याचे बळ. त्याच्या पुराव्यास पीकपाहणीची नोंद, म्हणजे गाव नमुना बारा, उपयोगी पडे. 'हा आमचा मजुरीचा गडी होता' असे म्हणणाऱ्या मालकाजवळ मात्र लिहिलेले एक चिटोरेही बहुधा नसे. सारांश, कागद न करण्याने मालक वाचला असे तेव्हाही घडले नाही.

गाळा आणि खोली यांस तर कूळ कायदा लागूच नाही. त्यांकरिता महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा निराळा कायदा असून तो ३१ मार्च २००० पासून अंमलात आहे. त्याच्या ५५ व्या कलमाचा आशय प्रत्येक जागामालकाने पाठ करून ठेवावा. जागा भाडेपट्ट्याने द्या किंवा लीव्ह अँड लायसन्सने द्या, करार लेखी असला पाहिजे व तो नोंदविला पाहिजे. नोंदविण्याची जबाबदारी मालकाची. आणि तसा करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाईल. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. म्हणजे ज्याने कागदास भिऊन तोंडी व्यवहार केला, त्याने लेखणी स्वतः होऊन भाडेकरूच्या हाती दिली. तो म्हणेल, भाडे दोनच हजार ठरले होते. तो म्हणेल, अनामत दोन लाख दिली होती. आणि ते खोटे ठरविण्याचा भार मालकावर पडेल.

हा कायदा अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांस, म्हणजे मुख्यतः शहरे व नगरपालिकांची गावे यांस लागू आहे. आपला गाळा लहान खेड्यात असेल तर तो लागू आहे किंवा नाही, हे वकिलास विचारून घ्यावे. परंतु नोंदलेला करार सर्वत्र हितावह आहे, यात शंका नाही.

आता पैसा घालण्यापासून जागा रिकामी होईपर्यंत मालकाने स्वतःस विचारावयाचे प्रश्न क्रमाने घेऊ.

पहिला प्रश्न: हा व्यवहार परवडतो काय?

शेतात आम्ही बी, खत, मजुरी, भाडोत्री बैल किंवा ट्रॅक्टर यांचा खर्च वजा घालून मग पीक मोजतो. भाड्याच्या बाबतीत मात्र हाती आलेली सगळी रक्कम उत्पन्न समजतो. एक उदाहरण घेऊ. समजा, जागा व बांधकाम मिळून २४ लाख रुपये खर्चून तीन गाळे उभे केले आणि प्रत्येकास दरमहा ५,००० रुपये भाडे आले. वर्षाचे १,८०,००० रुपये झाले. म्हणजे शेकडा साडेसात. आता वजावट पाहा. प्रत्येक गाळा वर्षातून एक महिना रिकामा राहिला तर १५,००० रुपये गेले. घरपट्टीचे ९,०००. डागडुजीकरिता बाजूस काढावयाचे २४,०००. विमा, करारनोंदणी, दलाली व किरकोळ खर्च १२,०००. एकूण ६०,००० वजा जाता हाती १,२०,००० राहिले. म्हणजे शेकडा पाच. निराळ्या गावी आकडे निराळे होतील, पण वजावटीची रीत हीच ठेवावी.

हेच गाळे निम्मी रक्कम कर्जाऊ काढून बांधले असते तर? १२ लाखांचे कर्ज शेकडा नऊ दराने पंधरा वर्षांच्या मुदतीचे घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १२,१७० रुपये पडतो. वर्षाचे सुमारे १,४६,००० रुपये झाले. गाळ्यांचे निव्वळ उत्पन्न १,२०,००० असल्याने उरलेले २६,००० रुपये दरवर्षी शेतातून आणावे लागतील, आणि ज्या वर्षी पीक बुडेल त्या वर्षी सावकाराच्या दारी जावे लागेल. जागेची किंमत पुढे वाढेल हे खरे असू शकते, परंतु वाढलेल्या किमतीतून बँकेचा हप्ता भरता येत नाही. सबब कर्ज काढून गाळा बांधू इच्छिणाऱ्याने निव्वळ उत्पन्न हप्त्याच्या वर राहते की नाही, हे कागदावर मांडूनच पाऊल टाकावे. तसेच आलेला सगळा मोबदला विटामातीत न घालता निदान एक वर्षाचा घरखर्च बँकेत राखून ठेवावा.

दुसरा प्रश्न: जागा विकणाऱ्याची आहे काय, आणि तिच्यावर गाळा बांधता येतो काय?

तयार गाळा किंवा भूखंड विकत घेताना नुसता सातबारा पाहून भागत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग एक आहे की दोन, हे प्रथम पाहावे. वर्ग दोनची जमीन सरकारी अटींनी बांधलेली असते व सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. देवस्थानाच्या व वतनाच्या जमिनींविषयी विशेष सावध असावे. इतर हक्काच्या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, अथवा बहिणीचा वा आत्याचा हक्क लिहिला आहे काय, हे वाचावे. मग नमुना सहामधील फेरफार मागे मागे जाऊन पाहावेत आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून निदान तीस वर्षांचा शोध घ्यावा. सूची क्रमांक दोनचे उतारे तेथे मिळतात.

गावठाणातील घरास सातबारा नसतो. तेथे ग्रामपंचायतीचा नमुना आठ पुष्कळ लोक मालकीचा कागद समजतात. वास्तविक ती घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे, आणि पट्टी भरणारा तो मालक असे तिच्यावरून सिद्ध होत नाही. नगर भूमापन झालेल्या गावी मिळकत पत्रिका पाहावी. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली कित्येक गावठाणांची मोजणी ड्रोनने होऊन तेथेही मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत.

शेतातून गुंठा-दोन गुंठे पाडून विकलेल्या भूखंडांपासून दूर राहणे बरे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यास सरकारने वेळोवेळी सवलती दिल्या आहेत. तथापि आपला भूखंड त्या सवलतीत बसतो की नाही, हे पैसे देण्यापूर्वी ठरले पाहिजे. अकृषिक वापराचे नियमही अलीकडे अनेकदा बदलले आहेत. म्हणून शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केले हे न विचारता, तलाठ्याकडे, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि तहसील कचेरीत आजचा नियम विचारावा. बांधकामाचा मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि रस्त्यापासून सोडावयाचे अंतर ही तिन्ही पाहावीत. रस्ता रुंद होताना विनापरवाना गाळा पडला, तर त्याच्या भरपाईची आशा धरू नये.

आत भाडेकरू असलेला गाळा विकत घेत असाल, तर त्याचा करार, भाड्याच्या पावत्या व अनामतीची रक्कम पाहून ती खरेदीखतात नमूद करावी. जुना भाडेकरू नव्या मालकाच्या येण्याने जात नाही, आणि त्याची अनामत परत करण्याचा बोजा बहुधा नव्या मालकाच्याच गळ्यात पडतो.

तिसरा प्रश्न: या पैशावर आणखी कोणाचा हक्क आहे काय?

वडिलोपार्जित जमिनीचा मोबदला हा एकट्या कर्त्याचा नसतो. ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने एकत्र हिंदू कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने जन्मतः हक्क मिळाला. वडील त्या तारखेस हयात असले पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. बहिणीस साडीचोळीवर वाटेस लावून थोरल्या भावाने आपल्या एकट्याच्या नावे गाळे बांधले, तर पुढे वाटणीचा दावा लागतो, भाडे कोणास द्यावे हे भाडेकरूस कळेनासे होते आणि तो कोणासच देत नाही. म्हणून पैसा गुंतविण्यापूर्वी सर्व हिस्सेदारांचा हिशेब नोंदलेल्या कागदाने पुरा करावा. गाळे सामाईकच ठेवावयाचे असतील, तर भाडे वसूल करण्याचा अधिकार कोणास व वाटप कसे, हे लिहून ठेवावे.

चौथा प्रश्न: भाडेकरू कोण?

बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो आणि ज्याचा बैल त्याच्या गावी चौकशी करतो. भाडेकरूविषयी तेवढीही चौकशी होत नाही. पाहुण्यांचा ओळखीचा, किंवा जादा भाडे देतो, एवढ्यावर किल्ली दिली जाते. त्याचा धंदा कोणता, पूर्वीची जागा का सोडली, तेथील मालकाचे काय म्हणणे, हे विचारावे. आधार व पॅन यांच्या प्रती घ्याव्यात आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती कळवावी. गाळ्यात वेल्डिंग, फटाके, गॅसच्या टाक्या किंवा कीटकनाशके येणार असतील, तर विमा कंपनीस तसे कळविल्याशिवाय जागा देऊ नये. जादा भाडे देणारा अनोळखी इसम आणि थोडे कमी देणारा नियमित इसम यांत दुसरा पत्करावा. चार महिने थकलेले भाडे वर्षाच्या वाढीपेक्षा पुष्कळ अधिक असते.

बँक भाडेकरू म्हणून मिळाल्यास भाग्य समजावे. बँका, सार्वजनिक उपक्रम व एक कोटी रुपये वा अधिक वसूल भांडवल असलेल्या कंपन्या यांस भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण नाही. तेथे मुख्यतः करार व १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो.

पाचवा प्रश्न: करार कसा करावा?

करार दोन प्रकारचे. भाडेपट्ट्याने भाडेकरूस जागेत हितसंबंध मिळतो. लीव्ह अँड लायसन्सने त्यास केवळ ठराविक मुदतीपुरती वापरण्याची परवानगी मिळते. राहण्याच्या खोल्यांकरिता दुसरा प्रकार मालकास विशेष सोयीचा आहे. १९९९ च्या कायद्याच्या २४ व्या कलमान्वये मुदत संपताच जागा परत करणे बंधनकारक असून, न केल्यास मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळाकरिता ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. परंतु ही तातडीची सोय राहण्याकरिता दिलेल्या जागेसच आहे. दुकानाच्या गाळ्याकरिता दिवाणी न्यायालयाचीच वाट धरावी लागते. यास्तव गाळ्याच्या बाबतीत भाडेकरूची निवड व कराराचे शब्द यांत दुप्पट काळजी घ्यावी.

'अकरा महिन्यांचा कागद नोंदवावा लागत नाही' असे पुष्कळ लोक सांगतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून कमी मुदतीच्या पट्ट्यास सूट आहे, तेथून ही समजूत आली. परंतु महाराष्ट्रात ५५ व्या कलमाने मुदत कितीही अल्प असली तरी नोंदणी सक्तीची केली आहे. मुद्रांकाच्या कागदावर लिहून नोटरीचा शिक्का घेतला म्हणजे नोंदणी झाली, असेही समजू नये.

आणि खर्च तरी किती? साठ महिन्यांपर्यंतच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर, मुदतीतील एकूण भाडे व परत करावयाच्या अनामतीवर दरसाल शेकडा दहाप्रमाणे धरलेले व्याज यांच्या बेरजेवर शेकडा पाव मुद्रांक शुल्क आहे. ५,००० रुपये भाड्याचा गाळा ५०,००० रुपये अनामत घेऊन तीन वर्षांकरिता दिला, तर भाडे १,८०,००० व धरलेले व्याज १५,००० मिळून १,९५,००० होतात. त्यावर शुल्क ५०० रुपयांच्या आतच भरते. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० व शहरी भागात १,००० रुपये आहे. ई-नोंदणीची सोय असल्याने कचेरीत खेपा घालण्याचेही कारण नाही. एका फवारणीच्या औषधास याहून अधिक पैसे पडतात.

करारात पुढील गोष्टी अवश्य असाव्यात: जागेच्या चतुःसीमा व क्षेत्र, कोणत्या धंद्याकरिता जागा दिली, मुदतीच्या आरंभाची व शेवटाची तारीख, भाडे व दरवर्षीची वाढ, भाडे कोणत्या तारखेपर्यंत द्यावयाचे, अनामत किती, आणि ती कोणत्या कपाती करून केव्हा परत करावयाची, वीजबिल, पाणीपट्टी व किरकोळ दुरुस्ती कोणाकडे, पोटभाडेकरू न ठेवण्याची व भिंत-दार न बदलण्याची अट, आणि आत दिलेल्या पंखे, शटर, मीटर इत्यादी वस्तूंची यादी. अनामत बँकेमार्फतच घ्यावी. किल्ली मात्र नोंदणी झाल्यावरच द्यावी. 'आज सामान टाकू द्या, कागद पुढच्या आठवड्यात करू' या वाक्याने जितके तंटे जन्मास घातले, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने घातले असतील.

सहावा प्रश्न: भाडेकरू आत असताना मालकाने कसे वागावे?

भाडे घेतले की पावती द्यावी. ते कायद्याने बंधनकारक आहे आणि हिताचेही आहे. रक्कम बँकेतून आल्यास उत्तमच. छप्पर गळत असेल तर वेळेवर दुरुस्त करावे, कारण इमारत चांगल्या स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. विजेचा मीटर आपल्या नावे असेल, तर दरमहाचे बिल भरले गेले की नाही हे स्वतः पाहावे, नाहीतर थकबाकी आपल्याच दाराशी येते. भाडे थकले म्हणून रागाच्या भरात वीज तोडणे, पाणी बंद करणे किंवा कुलूप घालणे हे सर्वथा वर्ज्य होय. अत्यावश्यक पुरवठा तोडण्यास कायद्याने मनाई आहे, आणि तसे करणारा मालक थकबाकीचा फिर्यादी न राहता स्वतःच आरोपी होतो.

सातवा प्रश्न: जागा परत कशी घ्यावी?

मुदत संपण्यापूर्वी दोन महिने लेखी आठवण द्यावी. पुढे ठेवावयाचा असेल तर नवा करार नोंदवावा. मुदत संपल्यावर नव्या कागदावाचून भाडे घेत राहिल्यास संमतीनेच ठेवले होते असा अर्थ निघू शकतो. भाडेपट्ट्याच्या भाडेकरूस, तो रास्त भाडे देत आहे व अटी पाळत आहे तोवर, सहसा काढता येत नाही. भाडे थकल्यास आधी लेखी नोटीस द्यावी लागते व ती मिळाल्यापासून नव्वद दिवस गेल्यावरच त्या कारणास्तव दावा लावता येतो. विनासंमती पोटभाडेकरू ठेवणे, कायमचे बांधकाम करणे, शेजाऱ्यांस उपद्रव, मालकाची खरीखुरी गरज, सबळ कारणावाचून सहा महिने जागा न वापरणे, ही कायद्याने मानलेली इतर काही कारणे आहेत.

'बारा वर्षे राहिला म्हणजे मालक झाला' असेही ऐकू येते. परवानगीने आत आलेल्या इसमाचा ताबा कितीही वर्षांचा असला तरी तेवढ्यानेच तो मालक होत नाही. मात्र तो परवानगीने आला होता, हे दाखवावे लागते. आणि ते दाखविण्यास नोंदलेल्या करारासारखा व पावत्यांच्या स्थळप्रतींसारखा साक्षीदार नाही. येथेही ज्याने कागद टाळला तोच उघडा पडतो.

आठवा प्रश्न: सरकारास काय द्यावयाचे?

शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्याने गाळ्याचे भाडेही मुक्त आहे, असे कित्येक बंधू समजतात. ते तसे नाही. भाड्याच्या रकमेतून प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा करावी. उरलेल्या रकमेच्या शेकडा तीस, दुरुस्तीचा खर्च प्रत्यक्षात कितीही झाला असला तरी, वजा मिळतात. वरील उदाहरणात वसूल भाडे १,६५,०००, त्यातून घरपट्टी ९,००० जाता १,५६,०००; त्याचे शेकडा तीस ४६,८०० जाता १,०९,२०० रुपये करपात्र हिशेबात येतात. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरविताना ते विचारात घेतले जाते, हेही ध्यानात असावे. म्हणून हिशेबाची वही शेताची निराळी व गाळ्यांची निराळी ठेवावी, आणि वर्षातून एकदा जाणत्या कर सल्लागारास दाखवावी. दुकानांचे भाडे वगैरे मिळून वर्षाची उलाढाल २० लाखांवर जात असेल, तर वस्तू व सेवा कराचीही चौकशी करावी.

एक खुलासा शेवटी करणे जरूर आहे. वरील सल्ला इमारतींपुरता आहे. शेतजमीन बटाईने किंवा खंडाने देण्याचा व्यवहार कूळ कायद्याच्या कक्षेत येतो. गाळ्याच्या कराराचा नमुना उचलून त्यात शेताचा गट नंबर घालण्याचा उपद्व्याप कोणी करू नये. तेथे काय करावे, याचा सल्ला स्वतंत्रपणे घ्यावा.

ज्यांनी आपले गाळे आजवर तोंडीच दिले आहेत, त्यांनीही निराश होऊ नये. भाडेकरूशी संबंध चांगले असतानाच त्यास बोलावून, चालू असलेल्या अटीच लिहून काढाव्यात व करार नोंदवून घ्यावा. सरळ मनाचा भाडेकरू त्यास हरकत घेत नाही, कारण जागेच्या पुराव्यास तो कागद त्यासही लागतो. जो हरकत घेईल, त्याच्या मनात काय आहे हे तंटा उपस्थित होण्यापूर्वीच आपणांस कळेल आणि वकिलाकडे जाण्यास अवधी मिळेल. दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या बंधूंनी यंदा त्या वहीशेजारी गाळ्यांचे करार काढून ठेवावेत, प्रत्येकाची मुदत केव्हा संपते ते वहीच्या पहिल्या पानावर लिहावे, आणि ज्या गाळ्याचा कागद सापडणार नाही त्याच्या भाडेकरूस पाडव्याच्या आत निरोप धाडावा.